डोशाचा हात बाजूला ठेवा: बेळगावच्या तव्यावर जाड, मऊ पॅनकेक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरचा तवा दिवसभर थंड असा होतच नाही. सकाळी डोसा किंवा आंबोळी, दुपारी भाकरी, संध्याकाळी मुलं भुकेजून आली की कणकेची गोड धिरडी. त्यामुळे पॅनकेकमध्ये शिकण्यासारखं काय आहे, पीठ कालवायचं आणि तव्यावर ओतायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण गंमत अशी की सराईत हाताचेच पॅनकेक पुष्कळदा चिवट होतात आणि घरातलं कॉलेजातलं पोरगं पहिल्यांदाच करतं ते मऊ निघतात. दोष हाताच्या सवयीचा असतो. डोशाला जे लागतं तेच इथे नडतं: कडकडीत तापलेला तवा, गाठ न ठेवता फेटलेलं पीठ आणि पळीच्या बुडाने गोल फिरवून पसरवणं. या तीन गोष्टी तेवढ्यापुरत्या विसरायच्या. बाकी सगळं तुम्हाला येतंच.

आधी एक स्पष्ट करते. इथे मी जाड, बोटभर फुगणाऱ्या, आतून जाळीदार असलेल्या पॅनकेकबद्दल लिहिते आहे, ज्याची तीन-चारांची चळत ताटलीत ठेवतात. पातळ, गुंडाळी करता येणारा प्रकार वेगळा. चोर्ला घाट उतरलं की गोव्यात नारळ-गुळाचं सारण भरलेलं आले-बेले मिळतं, ते त्या पातळ घराण्यातलं. त्याला सोडा लागत नाही, बेकिंग पावडर लागत नाही, आणि तिथे मात्र डोशाचा हात उपयोगी पडतो. त्याचं पुन्हा कधीतरी.

साहित्य, चौघांसाठी

खालच्या मापात तळहाताएवढे बारा-तेरा पॅनकेक होतात. कप म्हणजे २४० मिलीचा मापाचा कप, मोठा चमचा १५ मिली, छोटा चमचा ५ मिली. चहाचा कप किंवा घरातली वाटी घेऊन अंदाज करू नका, प्रत्येक घराची वाटी वेगळी. वजनकाटा असेल तर उत्तमच.

मैदा २५० ग्रॅम, म्हणजे २ कप.
साखर २ मोठे चमचे.
बेकिंग पावडर २ छोटे चमचे, सपाट.
खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा, सपाट.
मीठ अर्धा छोटा चमचा.
दही ३०० ग्रॅम, आणि ते सैल करायला पाणी किंवा दूध १०० ते १२० मिली.
अंडी २.
लोणी ५० ग्रॅम, वितळवून.
तव्याला लावायला थोडं तूप किंवा तेल.

मैद्याच्या मापाबद्दल थांबून सांगायला हवं, कारण निम्मी बिघाडी इथेच होते. कप सरळ मैद्याच्या डब्यात खुपसून भरला की पीठ दाबलं जातं आणि १२५ ग्रॅमच्या जागी सहज १५० ग्रॅम येतं. दोन कपांत पन्नास ग्रॅम जादा मैदा! मग पीठ घट्ट होतं, आपण पाणी घालतो, सोड्याचं प्रमाण कमी पडतं आणि पॅनकेक कोरडा ठोकळा होतो. मैदा आधी चमच्याने हलवून मोकळा करा, चमच्या-चमच्याने कपात भरा आणि वर सुरीच्या पाठीने सपाट करा.

दही, सोडा आणि फुगणं

आंबोळीचं पीठ रात्रभर आंबतं तेव्हा त्यातले जिवाणू सावकाश वायू तयार करतात. म्हणून जूनमधल्या ओल्या थंड हवेत ते वर येत नाही आणि मेमध्ये भांड्याबाहेर येतं. पॅनकेकला इतका वेळ द्यायचा नसतो. इथे वायू रसायनातून येतो. खाण्याचा सोडा अल्कधर्मी, दही आंबट. दोघं ओलाव्यात भेटले की कर्बवायू सुटतो आणि त्याचे बुडबुडे पिठात अडकतात. बेकिंग पावडर म्हणजे हाच सोडा आणि कोरडं आम्ल एकाच डब्यात, मध्ये थोडा स्टार्च. डब्यावर डबल अॅक्शन लिहिलेलं असेल तर थोडा वायू ओलं झाल्यावर सुटतो आणि उरलेला तव्याची आच लागल्यावर.

दोन्ही कशाला, एक पुरत नाही का? पुरतं, पण दोघांची कामं थोडी वेगळी आहेत. सोडा दह्याचा आंबटपणा मारतो आणि पॅनकेकला छान बदामी रंग आणतो. बेकिंग पावडर शेवटपर्यंत फुगवत राहते. नुसत्या सोड्यावर भिस्त ठेवून त्याचं प्रमाण वाढवलं तर दह्याला पेलवत नाही, उरलेला सोडा जिभेला साबणासारखा लागतो. उलट दही आंबट नसेल, अगदी सकाळी लागलेलं गोड दही असेल, तर अर्धा चमचा सोडासुद्धा जास्त होतो. अशा वेळी सोडा पाव चमचा करा नाहीतर दह्यात छोटा चमचाभर लिंबाचा रस पिळा. नंदिनीच्या दह्याचं पाकीट आणलंत तर फोडून चव बघा, एक दिवस बाहेर ठेवलं की पॅनकेकला हवं तसं होतं.

घरचं ताक चालेल का? चालेल, पण जेवणानंतर पितो ते पातळ ताक नको. लोणी काढल्यावर राहिलेलं दाट ताक, पाणी न घातलेलं, ४०० मिलीपासून सुरुवात करा. दही-ताक काहीच नसेल तर कोमट दुधात प्रत्येक कपामागे मोठा चमचाभर लिंबाचा रस घालून दहा मिनिटं ठेवा. दूध फाटल्यासारखं दाणेदार होईल, तेच हवं.

आता आपल्याकडच्या पावसाबद्दल. खानापूर, कणकुंबीकडे आणि शहरातही जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते, मीठ पाझरतं, तिथे बेकिंग पावडरीची काय कथा. डब्यातच ओलावा लागून तिचा जोर निघून जातो आणि वरून काही कळत नाही. तपासायचं असेल तर अर्धा चमचा पावडर पाव कप गरम पाण्यात टाका. लगेच फसफसली तर ठीक, नुसती विरघळली तर टाकून द्या. सोड्याची परीक्षा लिंबाच्या थेंबांवर करा. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. लहान घ्या आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा.

दुसरी शंका उंचीची. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे. परदेशी पाककृतींत उंच ठिकाणी सोडा कमी करा अशी सूचना असते, ती साधारण हजार मीटरच्या आसपास आणि त्याहून वर राहणाऱ्यांसाठी. आपण माप तसंच ठेवायचं.

मैदाच हवा का?

पहिल्यांदा करताना मैदा घ्या. एकदा पीठ कसं दिसतं, किती फुगतं हे डोळ्यांत बसलं की बदल करा. अर्धा मैदा आणि अर्धी कणीक हे माझ्या मते सगळ्यात चवदार मिश्रण आहे. कणकेतला कोंडा पाणी पितो, म्हणून दोन-तीन मोठे चमचे पाणी जादा लागतं आणि पीठ पंधरा-वीस मिनिटं ठेवावं लागतं. पूर्ण कणकेचे पॅनकेक होतात, पण जड होतात. ते खायचे तर सरळ गोड धिरडी करावीत, ती जास्त चांगली लागतात.

खपली गहू मात्र आवर्जून वापरून बघा. आपल्या पट्ट्यात तो पिकतो आणि बऱ्याच घरांत त्याची खीर होते. त्यातला चिकटपणा साध्या गव्हापेक्षा कमकुवत असतो. चपातीला हे गैरसोयीचं, पॅनकेकला सोयीचं, कारण चिवटपणाचं मूळच तिथे आहे. अर्धं खपलीचं बारीक पीठ आणि अर्धा मैदा घेतला तर किंचित दाणेदार, खमंग पॅनकेक होतो.

कालवणं

सगळ्या वस्तू घरातल्या हवेइतक्या कोमट असू द्या. फ्रिजमधलं गार दही आणि गार अंडं घेऊन त्यात वितळलेलं लोणी ओतलं की लोणी लगेच गोठतं आणि त्याचे कण पिठात तरंगतात. डिसेंबरच्या सकाळी तर फ्रिजबाहेरही हे होतं. दह्याचं भांडं पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवलं की काम भागतं.

एका मोठ्या पातेल्यात मैदा, साखर, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ एकत्र चाळून घ्या. चाळणं टाळू नका. सोड्याची गाठ राहिली तर पॅनकेकवर तपकिरी ठिपका पडतो आणि नेमका तोच घास कडू लागतो. चाळून झालं की कोरडंच एकदा हलवा.

दुसऱ्या भांड्यात दही आणि पाणी घुसळून एकजीव करा. इथे हवं तेवढं घुसळा, काही बिघडत नाही. अंडी फोडून घाला, फेटा. शेवटी लोणी, धार धरून, दुसऱ्या हाताने ढवळत. वास हवा तर चिमूटभर वेलची पूड. व्हॅनिलाही चालतो, पण वर काकवी घालायची असेल तर वेलचीच.

मैद्याच्या मधोमध खळगा करा आणि ओलं मिश्रण एकदम त्यात ओता. आता लाकडी चमचा घ्या, रवी किंवा बीटर नको. कडेने बुडापर्यंत चमचा न्यायचा, खालचं पीठ वर आणायचं, पातेलं थोडं फिरवायचं, पुन्हा तेच. दहा-बारा वेळा असं झालं की कोरडा मैदा दिसेनासा होतो. तिथेच थांबा. पिठात वाटाण्याएवढ्या गाठी दिसतील, पृष्ठभाग खडबडीत असेल. असंच हवं. घरात कोणी मोठं माणूस शेजारी उभं असेल तर ते नक्की म्हणणार, "अगं, गाठी राहिल्यात बघ की, अजून चार हात मार!" मारू नका. मैदा ओला झाल्यावर जितका ढवळाल तितकं त्यातल्या प्रथिनांचं जाळं घट्ट विणलं जातं. चपातीला आपण पीठ मळतो ते याच जाळ्यासाठी. पॅनकेकमध्ये ते जाळं बुडबुड्यांना फुगू देत नाही आणि खाताना रबर चावल्यासारखं होतं.

झाकून दहा मिनिटं ठेवा. तेवढ्यात गाठींमधला मैदा आपोआप भिजतो, बऱ्याच गाठी विरतात. झाकण काढल्यावर वर बारीक बुडबुडे दिसतील आणि पीठ आधीपेक्षा फुललेलं वाटेल. यानंतर पीठ हलवायचं नाही, आलेला वायू निघून जातो. डावही पातेल्याच्या कडेने अलगद घालून भरायचा.

दाटपणा कसा ओळखावा? डाव भरून वर उचला आणि तिरपा करा. पीठ धार धरून पडलं तर पातळ झालं, एकच गोळा थपकन पडला तर घट्ट. जाड पट्टीसारखं सावकाश ओघळलं आणि खाली पडल्यावर त्याची घडी दोन-तीन क्षण दिसत राहिली की बरोबर. डोशाच्या पिठापेक्षा बरंच घट्ट, भज्याच्या पिठापेक्षा थोडं सैल. म्हणूनच पाणी आधीच सगळं घालू नका, वीस-तीस मिली हाताशी राखून ठेवा. दही कुठलं आहे त्यावर शेवटचा हिशेब ठरतो.

तवा

भाकरीचा लोखंडी तवा खोलगट असतो. त्यावर पीठ मध्ये जमतं, मधला भाग जाड आणि कच्चा, कडा पातळ आणि करपलेल्या. सपाट तवा घ्या. बिडाचा डोसा तवा सर्वांत उत्तम, कारण जाड बीड तापायला वेळ घेतं पण एकदा तापलं की पीठ पडल्यावर गार पडत नाही. नॉनस्टिक तवा सोपा, पण रंग थोडा फिका येतो.

बिडाच्या तव्याची एक अडचण आपल्याच घरांत येते. डोसे काढताना आपण त्याला अर्धा कांदा तेलात बुडवून घासतो. वर्षानुवर्षं घासलेल्या त्या तव्याला कांद्याचा वास मुरलेला असतो, आणि डोशाला शोभणारा तो वास वेलचीच्या पॅनकेकला अजिबात शोभत नाही. आदल्या दिवशी तवा मिठाने घासून, पुसून, तेल लावून एकदा चांगला तापवून ठेवा. पॅनकेकच्या वेळी कांद्याऐवजी अर्धा बटाटा काट्यात खोचून घ्या, नाहीतर सुती कापडाची घडी.

गॅस मंद आणि मध्यमच्या मध्ये ठेवून तवा पाच-सात मिनिटं तापू द्या. मोठ्या बर्नरवर आच मध्ये एकवटते, म्हणून तवा अधूनमधून थोडा फिरवा. मग पाण्याचा थेंब टाका. जागच्या जागी चुरचुरत दोन क्षणांत आटला तर तवा तयार. थेंब नुसताच बसून राहिला तर थांबा. थेंबाची गोळी होऊन तव्यावर पळायला लागली तर डोशाला ठीक, पॅनकेकला जास्त. गॅस कमी करा आणि मिनिटभर जाऊ द्या. डोशासारखं पाणी शिंपडून फडक्याने पुसून तवा निववायला जाऊ नका, वरचा थर थंड होतो आणि खालचं बीड तापलेलंच राहतं, मग डाग पडतात.

सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे रुपयाएवढा पिठाचा थेंब टाकणं. दीड मिनिटाने उलटून बघा. सारखा बदामी रंग आला तर सुरू करा.

तव्याला लोणी नको, तूप लावा. लोण्यात पाणी असतं आणि दुधाचे घन कण असतात. ते कण तापल्या तव्यावर आधी जळतात आणि पुढच्या पॅनकेकवर काळे ठिपके उमटतात. तुपातून ते गाळून गेलेले असतात. शिवाय तूपही लावायचं ते पुसून काढायचं. तव्यावर चकाकी दिसावी, थारोळं दिसू नये. पहिला पॅनकेक नेहमी ठिपक्याठिपक्यांचा का येतो, याचं कारण बहुतेक वेळा हेच जादा तूप असतं. पीठ तुपाच्या थेंबांवर तरंगतं, काही ठिकाणी तळतं, काही ठिकाणी नुसतं शिजतं. चांगला पुसलेल्या तव्यावर पहिलासुद्धा दुसऱ्यासारखाच येतो.

ओतायचं आणि थांबायचं

आमटीचा लहान डाव, साधारण ६० मिलीचा, भरून घ्या. तव्यापासून चार बोटं उंचीवर एकाच जागी ओता आणि डाव उचला. पसरवू नका. इथे हात आपोआप गोल फिरायला बघतो, त्याला आवरा. बरोबर दाटपणाचं पीठ स्वतःच पसरून तळहाताएवढं गोल होतं. मोठ्या तव्यावर दोन किंवा तीन, एकमेकांपासून अंतर ठेवून.

आता पिठाकडे बघत राहा, घड्याळाकडे नंतर. आधी कड किंचित उचलल्यासारखी होते. मग वर बुडबुडे येतात, सुरुवातीचे फुटतात आणि पिठाने पुन्हा भरून जातात. अजून वेळ आहे. साधारण दोन मिनिटांनी कडेजवळचे बुडबुडे फुटल्यावर त्यांची भोकं तशीच उघडी राहतात, आणि कडेचा ओला चकाकता पट्टा निस्तेज, कोरडा दिसू लागतो. हीच वेळ. मध्यभाग अजून ओला असेल, असू दे. मध्यापर्यंत सगळं कोरडं होईतो थांबलात तर वर फुगायला काही शिल्लक राहत नाही.

पातळ उलथणं एका झटक्यात पूर्ण खाली सारा आणि मनगट वळवून जागच्या जागी उलटा. उंच उडवायची हौस नंतर भागवा. उलटल्यावर पॅनकेक डोळ्यांदेखत वर येतो, आणि तो क्षण बघण्यासाठी मुलं गॅसपाशी गर्दी करतात. या वेळी उलथण्याने दाबायचं नाही. थालीपिठाला, भाकरीला दाबायची सवय असते, पण इथे दाबलं की जमलेली सगळी हवा बाहेर. दुसरी बाजू एक ते दीड मिनिटात होते. बोटाने मध्ये हलकेच टेकवून बघा, परत वर आला की झाला. पुन्हा पुन्हा उलटू नका, एकदाच.

दर दोन घाण्यांनंतर गॅस जरा कमी करावा लागतो, कारण बीड तापतच जातं. तिसऱ्या घाण्यात रंग लवकर गडद झाला तर हेच समजा.

झालेले ठेवायचे कुठे

स्टीलच्या डब्यात झाकून ठेवले की वाफेने घाम सुटतो आणि खालचे चिकट होतात. भाकरीची बुट्टी याला अगदी योग्य. तळाला सुती फडकं, त्यावर पॅनकेक एकावर एक न रचता जरा तिरपे टेकवून, वर फडक्याचा पदर. वाफ वेताच्या भोकांतून निघून जाते आणि ऊब राहते. बुट्टी नसेल तर पिठाची चाळण पातेल्यावर ठेवा.

वर काय घालायचं

पॅनकेक सिरप म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त बाटल्यांत मेपलच्या झाडाचा रस नसतोच, वास घातलेला साखरेचा पाक असतो. आपल्याकडे त्यापेक्षा कितीतरी चांगली वस्तू हाताशी आहे: काकवी. हिवाळ्यात गुऱ्हाळं सुरू झाली की निपाणी, संकेश्वर बाजूला, कोल्हापूरकडे, ताजी काकवी मिळते. ती दाट असते, म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, त्यात छोटा चमचा लोणी आणि मिठाचे चार कण घाला. मिठाने गोडवा उठून दिसतो. काकवी नसेल तर १०० ग्रॅम गूळ ५० मिली पाण्यात विरघळवा, गाळा आणि दोन-तीन मिनिटं उकळा. निवल्यावर दाट होतो, म्हणून पातळ असतानाच उतरवा.

बेळगावच्या माणसाला कुंद्याची, दूध आटवून केलेल्या आपल्या मिठाईची, आठवण होणारच. कुंदा गरम पॅनकेकवर नुसता कुस्करला तरी चालतो, पण त्याचा सॉस केला तर लाजवाब लागतो. चार मोठे चमचे कुंदा आणि तीन मोठे चमचे दूध मंद आचेवर ढवळत राहा, गाठी मोडल्या की उतरवा. कुंदा मुळात भरपूर गोड, त्यामुळे असा बेत असेल तेव्हा पिठातली साखर निम्मी करा. सोबत जवारी, म्हणजे गावठी, केळ्याच्या चकत्या. मे महिन्यात हापूसच्या फोडी आणि घरचं लोणी एवढंच पुरे, त्यावर काकवी ओतणं म्हणजे आंब्यावर अन्याय.

श्रावणात आणि बिनअंड्याच्या घरी

श्रावण लागला, गुरुवार असला, किंवा सासूबाईंच्या तव्यावर अंडं चालतच नसलं, तरी पॅनकेक अडत नाही. दोन अंड्यांच्या जागी अर्धा कप घट्ट दही आणि मोठा चमचाभर तेल घ्या, आणि दही सैल करायचं पाणी आधी निम्मंच घाला. अंडं पिठाला बांधून ठेवण्याचं काम करत असतं, ते गेल्यावर पॅनकेक उलटताना तुटू शकतो. म्हणून आकार लहान ठेवा, डाव पाऊण भरा आणि उलटण्यापूर्वी अर्धं मिनिट जास्त थांबा. एका अंड्याऐवजी चांगलं पिकलेलं केळं कुस्करूनही चालतं, पण मग तव्याची आच कमी हवी, केळ्याची साखर लवकर करपते.

साखरेऐवजी गूळ घालायचा तर किसून दह्यातच पूर्ण विरघळवा. खडा राहिला तर तव्याला चिकटून जळतो. गुळाच्या पिठाला सोड्याने गडद रंग येतो, त्यामुळे रंगावरून शिजल्याचा अंदाज चुकतो. बुडबुड्यांवर भरवसा ठेवा.

काय बिघडलं ते ओळखणं

चपटे आणि चिवट: जास्त ढवळलं. आता त्या पिठाचं काही होत नाही, पाणी घालून पातळ करा आणि धिरडी काढा. चपटे पण मऊ: पावडर जुनी, नाहीतर पीठ फार वेळ ठेवलं. बाहेरून काळे आणि आत कच्चे: तवा डोशाचा तापला होता. फिके आणि कोरडे: तवा गार, म्हणून फार वेळ तव्यावर राहिले. साबणाची चव: सोडा जास्त किंवा दही गोड. मधोमध खचले: पीठ पातळ. शेवटच्या दुखण्यावर दोन मोठे चमचे मैदा पाण्यात कालवून नव्हे, कोरडाच भुरभुरून दोन वळशांत मिसळा.

आदल्या रात्रीची तयारी

कालवलेलं पीठ आंबोळीसारखं रात्रभर ठेवता येत नाही. सोड्याचा वायू एकदा निघून गेला की गेला, सकाळी उरतं ते मेलेलं पीठ. कोरडं मिश्रण मात्र चौपट मापात चाळून बरणीत भरून ठेवा. बरणीवर चिठ्ठी चिकटवा: पाऊण कप मिश्रणाला किती दही, किती अंडं, किती लोणी. वरच्या मापाच्या साधारण एक तृतीयांश. कोरडं मिश्रण उन्हाळ्यात दोन महिने चांगलं राहतं. पावसाळ्यात महिन्याचंच करा आणि वापरण्याआधी पुन्हा एकदा हलवून घ्या, कारण सोडा तळाशी बसतो.

डोशाचं पीठ उरलं असेल आणि आंबलं असेल तर त्याचाही उपयोग आहे, फक्त मेथी घातलेलं नसावं. अर्धा कप आंबट पीठ घेतलं तर दही तेवढंच कमी करा आणि मैदा पाव कप कमी. किंचित कुरकुरीत कडांचे, जाळीदार पॅनकेक होतात. पिठात आधीच मीठ असेल तर वेगळं घालू नका.

झालेले पॅनकेक उरले तर पूर्ण गार होऊ द्या, मध्ये बटर पेपर घालून डब्यात भरा आणि फ्रीजरमध्ये टाका. महिनाभर टिकतात. खायच्या वेळी वितळायची वाट न बघता कोरड्या तव्यावर, मंद आचेवर, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी गरम करा. शाळेच्या डब्यात द्यायचे असतील तर काकवी वेगळ्या घट्ट झाकणाच्या डबीत द्या, नाहीतर मधल्या सुट्टीपर्यंत वह्यांनाही गोडवा लागतो.